फुटपाथ सलग हवा



आज बोलूया फुटपाथबद्दल.
म्हणजे, जिथे तो शिल्लक आहे तिथल्या!

११ डिसेंबर २०२१.
पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग महापालिकेनं वाहनांसाठी बंद ठेवला.
गरुड गणपती चौकाकडे लोक भर रस्त्यातून निवांत चालत होते.
हा पुण्याचा पादचारी दिन.

त्यामागे बऱ्याच वर्षांचा पाठपुरावा आहे.
‘परिसर’ ही संस्था १९८०च्या दशकापासून हा विषय लावून धरते आहे.

२०१६ साली महापालिकेनं पादचारी धोरणही स्वीकारलं.

धोरण सांगतं, आधी चालणारा.
आणि चालणाऱ्याला काय हवं?
सलग फुटपाथ.

आता जरा खाली वाकून बघूया.
फुटपाथची उंची वीतभरापेक्षा कमीच हवी.
उंची वाढली, की गुडघे दुखणाऱ्या आजी तिथे चढतच नाहीत.
त्या रस्त्यावरून चालतात, बसच्या बाजूनं.
दर सोसायटीच्या फाटकापाशी पुन्हा उतरा, पुन्हा चढा.
मध्येच विजेचा डीपी, मध्येच उभी दुचाकी.
रुंदी असून उपयोग काय? फुटपाथ सलग हवा.

याउलट, जंगली महाराज रस्त्यावर एकदा चालून बघा.
रुंद फुटपाथ, बसायला बाकं.
तिथेही दुचाकी घुसवणारे महाभाग आहेतच म्हणा!

तुमच्या भागातला फुटपाथ तुटलाय?
फोटो काढा.
चौकाचं नाव लिहा.
क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या,
आणि पोच घ्यायला विसरू नका.