गोळींत न उतरलेला गुण

सफरचंदाची फोड कापून ताटांत ठेवली, तर थोड्याच वेळांत ती तपकिरी पडते. तिच्यावर लिंबाचा रस चोळला, तर ती बराच वेळ पांढरी राहते. हा अनुभव घरोघरचा आहे. हवेंतील प्राणवायु फोडींतील द्रव्यांशीं संयोग पावतो व त्यामुळें तिचा रंग पालटतो. लिंबांतील आंबटपणा व क जीवनसत्त्व हीं दोन्हीं त्या क्रियेच्या आड येतात. ज्या प्राणवायूवांचून मनुष्य चार घटका जगत नाहीं, तोच प्राणवायु शरीरांत कांहीं अतिचंचल कण निर्माण करतो, आणि हे कण पेशींतील वंशसूत्रांना इजा करूं शकतात. अशा इजा वर्षानुवर्षें सांचत गेल्या, तर एखाद्या पेशीचा आपल्या वाढीवरील ताबा सुटतो व कर्करोगास आरंभ होतो, असें शास्त्रज्ञ मानतात. या चंचल कणांना शांत करणारीं जीं द्रव्यें, त्यांना अँटिऑक्सिडंट हें नांव आहे.

वनस्पतींना दिवसभर उन्हांत उभें राहून अन्न तयार करावयाचें असतें. प्रकाशानें होणाऱ्या अपायापासून स्वतःचें रक्षण करण्यासाठीं त्यांनीं अशा द्रव्यांचा मोठा सांठा केलेला असतो. गाजराचा, तांबड्या भोपळ्याचा व पिकल्या आंब्याचा पिंवळा-केशरी रंग हा त्याच सांठ्याचा एक भाग होय. गाजरांतील रंगद्रव्य वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८३१ सालीं वेगळें काढलें व गाजराच्या लॅटिन नांवावरून त्यास कॅरोटीन असें म्हटलें. त्याचाच बीटा-कॅरोटीन हा प्रकार शरीरांत गेल्यावर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार होतें.

पुढें निरनिराळ्या देशांतील लोकांच्या आहाराची व रोगांची तुलना होऊं लागली, तेव्हां एक गोष्ट वारंवार नजरेस आली. जे लोक भाज्या व फळें अधिक खातात, त्यांच्यांत कर्करोगाचें, विशेषतः फुप्फुसाच्या कर्करोगाचें, प्रमाण कमी आढळतें. १९८१ सालीं रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत असा प्रश्न उपस्थित केला कीं, आहारांतील बीटा-कॅरोटीनमुळें मनुष्यांतील कर्करोग खरोखरच कमी होईल काय ? त्यांनीं तो प्रश्न म्हणूनच मांडला होता. परंतु अनेकांच्या मनानें त्याचें उत्तर आधींच देऊन टाकलें.

वस्तुतः येथें थोडें थांबून विचार करणें अवश्य होतें. ज्या घरीं पुस्तकांचें कपाट भरलेलें असतें, त्या घरचीं मुलें परीक्षेंत बहुधा वरचा क्रमांक मिळवितात. परंतु म्हणून कोणी बापानें बाजारांतून भरलेलें कपाट विकत आणून ओसरीवर ठेवलें, तर तेवढ्यानें मुलगा उत्तीर्ण होत नाहीं. कपाट हें त्या घरच्या एकंदर वळणाचें चिन्ह असतें. त्याचप्रमाणें भाजी अधिक खाणारा मनुष्य बहुधा धूम्रपान कमी करतो, मद्य कमी घेतो आणि प्रकृतीस इतर प्रकारेंहि जपतो. मग त्याच्या आरोग्याचें श्रेय भाजीला द्यावयाचें, भाजींतील एका द्रव्याला द्यावयाचें, कीं त्याच्या सर्व राहणीला ? याचा निर्णय नुसत्या निरीक्षणानें होत नाहीं. त्यास प्रयोगच पाहिजे.

असा प्रयोग फिनलंड देशांत १९८५ सालीं सुरू झाला. नैऋत्य फिनलंडमधील ५० ते ६९ वर्षें वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष त्यांत सामील झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें त्यांचे चार गट पाडण्यांत आले. एका गटास रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, दुसऱ्यास ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, तिसऱ्यास दोन्हीं, आणि चौथ्यास कांहींच गुण नसलेली पण दिसावयास तशीच गोळी मिळे. कोणास कोणती गोळी मिळते हें घेणाऱ्यास ठाऊक नसे व देणाऱ्यासहि ठाऊक नसे. पांच ते आठ वर्षें हा क्रम चालला.

१९९४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला, आणि तो अपेक्षेच्या अगदीं उलट निघाला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४७४ रोगी निघाले व न घेणाऱ्यांत ४०२. म्हणजे गोळीनें रोग टळण्याऐवजीं सुमारें १८ टक्क्यांनीं वाढला. एकंदर मृत्यूहि ८ टक्क्यांनीं अधिक झाले. हा निकाल म्हणजे केवळ योगायोग असावा, असें कित्येकांना वाटलें. परंतु त्याच सुमारास अमेरिकेंत दुसरा प्रयोग चालू होता. त्यांत धूम्रपान करणारे, पूर्वीं करणारे व ॲस्बेस्टॉसच्या धुळींत काम केलेले असे १८,३१४ स्त्रीपुरुष होते, आणि त्यांपैकीं निम्म्यांना बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व दिलें जात होतें. तेथेंहि फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनीं व मृत्यु १७ टक्क्यांनीं अधिक आढळले, आणि १९९६ च्या जानेवारींत तो प्रयोग ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधींच थांबवावा लागला. त्याच वर्षीं २२,०७१ अमेरिकन डॉक्टरांवरील प्रयोगाचा निकाल बाहेर आला. त्यांतील बहुतेक धूम्रपान न करणारे होते. बारा वर्षें बीटा-कॅरोटीन घेऊन त्यांना लाभहि झाला नाहीं व हानिहि झाली नाहीं.

या तीन निकालांचा एकत्र विचार केला असतां अपायाचा धागा धुराकडे जातो. १९९९ सालीं फेरेट नांवाच्या, मुंगुसाएवढ्या एका प्राण्यावरील प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या प्राण्यांना तंबाखूच्या धुरांत ठेवून भरपूर बीटा-कॅरोटीन दिलें, त्यांच्या फुप्फुसांत कर्करोगाच्या पूर्वींचे मानले जाणारे फरक दिसून आले. धुरानें व्यापलेल्या फुप्फुसांत कॅरोटीनच मोडतें व त्याचे तुकडे उलटे कार्य करूं लागतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. ढाल फुटली म्हणजे तिच्याच कपच्या धारकऱ्यास लागाव्या, तसा हा प्रकार आहे. याहून सूक्ष्म गोष्ट स्वीडनमधील संशोधकांनीं २०१४ सालीं उंदरांत दाखविली. प्राणवायूच्या चंचल कणांनीं पेशीस इजा झाली म्हणजे शरीराची एक पहारेकरी यंत्रणा जागी होते व बिघडलेल्या पेशीची वाढ रोखते. अँटिऑक्सिडंट द्रव्यानें ती इजा कमी झाली, तर पहारेकरीहि झोंपीं जातो आणि आधींच रुजलेली गांठ अधिक वेगानें वाढते.

ई जीवनसत्त्वाची कथा याहून निराळी नाहीं. फिनलंडच्या प्रयोगांत तें घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग सुमारें एक तृतीयांशानें कमी दिसला होता. त्यावर भिस्त ठेवून पुढें ३५,५३३ पुरुषांवर ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांचा मोठा प्रयोग झाला. २००८ सालीं लाभ दिसेना म्हणून गोळ्या बंद करण्यांत आल्या, आणि २०११ सालीं असें आढळलें कीं, नुसतें ई जीवनसत्त्व घेतलेल्यांत तो रोग उलट १७ टक्क्यांनीं अधिक झाला होता.

मग हीं द्रव्यें नेहमींच निरुपयोगी काय ? तसेंहि नाहीं. चीनमधील लिन्शियन हा भाग अन्ननलिकेच्या व जठराच्या कर्करोगासाठीं कुप्रसिद्ध होता व तेथील लोकांचा आहारहि निकृष्ट असे. तेथें २९,५८४ लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व व सेलेनियम एकत्र घेणाऱ्यांत एकंदर मृत्यु ९ टक्क्यांनीं व जठराच्या कर्करोगाचे मृत्यु २१ टक्क्यांनीं कमी झाले. यावरून असा बोध होतो कीं, जेथें उणीव आहे तेथें भर घातल्यानें लाभ होतो. भरलेल्या घागरींत आणखी पाणी ओतल्यानें तें बाहेर सांडतें एवढेंच नव्हे, तर प्रसंगीं पायहि घसरतो.

महाराष्ट्रांत सांगलीची हळद प्रसिद्ध आहे, आणि हळदीविषयीं आज फार बोललें जातें. तिच्यांतील करक्युमिन हें पिंवळें द्रव्य १८१५ सालींच वेगळें काढण्यांत आलें होतें. कांचेच्या बशींतील कर्करोगाच्या पेशींवर त्याचा परिणाम अनेकदां दिसला आहे. परंतु तोंडावाटे घेतलेलें करक्युमिन रक्तांत फारच थोडें पोंचतें, आणि त्यानें मनुष्याचा कर्करोग टळतो असें मोठ्या प्रयोगानें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. उलट हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनीं यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. आमटींतील चिमूटभर हळद निराळी व अर्काची गोळी निराळी.

वनस्पतींत सामर्थ्य नाहीं असा याचा अर्थ नव्हे. अंगणांतील सदाफुलीपासून व्हिन्ब्लास्टिन व व्हिन्क्रिस्टिन हीं औषधें निघालीं. १९५० नंतरच्या दशकांत कॅनडांतील नोबल व बीअर हे तिच्यांत मधुमेहावरील गुण शोधीत असतां, तिच्या अर्कानें रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात असें त्यांना आढळलें. पुढें मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन हें मोठें साधन ठरलें. परंतु तें जडलेल्या रोगावरील तीव्र औषध आहे. तें वैद्याच्या देखरेखीखालीं मोजून शिरेंत दिलें जातें; निरोगी मनुष्यानें रोज घ्यावयाची ती वस्तु नव्हे.

या सर्व इतिहासांतील सर्वांत बोलकी गोष्ट फिनलंडच्या त्याच प्रयोगांत दडलेली आहे. प्रयोगाच्या आरंभीं प्रत्येकाच्या आहाराची व रक्ताची नोंद घेतली होती. ज्यांना गुणरहित गोळी मिळाली, त्यांच्यांतहि ज्यांच्या आहारांत व रक्तांत कॅरोटीन मुळांतच अधिक होतें, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला. म्हणजे जेवणांतून आलेलें कॅरोटीन सुचिन्ह ठरलें, आणि तेंच गोळींतून भरपूर आलें तेव्हां अपायकारक ठरलें. गाजरांत तंतु असतात, इतर शेंकडों द्रव्यें असतात व कॅरोटीनची मात्रा बेताची असते. शिवाय गाजर खाणाऱ्या मनुष्याची एक राहणी असते. यांतील कांहींहि गोळींत उतरत नाहीं.

त्या प्रयोगांत भाग घेणारे हजारों पुरुष आपल्या उपयोगी पडूं इच्छीत होते, आणि ते पडलेहि. मात्र त्यांतील कित्येकांना त्याची किंमत प्राणानें द्यावी लागली. ते गोळी घेत होते व सिगारेटहि ओढीत होते. आज जो मनुष्य तंबाखू चघळतो, मशेरी लावतो किंवा विडी ओढतो, आणि पेठेंतून अँटिऑक्सिडंटची बाटली आणून मनाचें समाधान करून घेतो, त्याला त्यांनीं आपल्या जिवावर मिळविलेलें उत्तर कोणी तरी सांगितलें पाहिजे. मुंबईचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडलें तेव्हांपासून तेथें तोंडाच्या कर्करोगाचे रोगी येत आहेत, आणि त्या रोगाचें मुख्य कारण तंबाखू आहे. तंबाखू सोडणें हा उपाय जुना आहे, फुकट आहे व कठीण आहे. त्याच्या जागीं ठेवतां येईल अशी गोळी अद्याप कोणत्याहि वनस्पतींतून निघालेली नाहीं. भाजी मात्र ताटांत असावी, आणि ती भाजी म्हणूनच खावी.