कापणीचा सण

खरीप पदरात पडले, की मराठी ख्रिस्ती मंडळी कापणीचा सण करतात. कोणी पायलीभर बाजरी आणतो, कोणी कोंबडी, कोणी भोपळा. उपासना झाली, की त्यांचा लिलाव. भोपळ्यालाही बाजारापेक्षा चढा भाव येतो! घेणारा हसत घेतो. पैसा मंडळीच्या कामाला व अडल्यानडल्यांना जातो.

बायबलात आज्ञाच आहे : शेताच्या कडेचे पीक कापू नये, ते गरिबांना व परक्यांना ठेवावे. परक्यांनाही, बरं का! १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना दौंड तालुक्यात केडगावी आसरा दिला. त्या मुली कोण लागत होत्या त्यांच्या?

आपल्याकडे ऊसतोडीला परगावची माणसे येतात. कोपीतले पोर तापाने फणफणले, तर दवाखान्यापर्यंत गाडी कोण जुंपील? नावे आजच सांगा.