अपडेट पुढे ढकलावं का?

विंडोजचं अपडेट आलं की ‘नंतर’वर बोट ठेवण्याची सवय घातक ठरू शकते. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधली एक गंभीर त्रुटी दुरुस्त केली. जेमतेम दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम त्याच त्रुटीतून सुमारे दीडशे देशांत पसरला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रियासुद्धा रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती जाहीर होताच ती तपासून हल्लेखोरांनाही कच्चा दुवा नेमका कळतो, म्हणून आपली दिरंगाई त्यांच्या पथ्यावर पडते.

कुणी म्हणेल, अपडेटनेच संगणक बिघडतात त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. ऑक्टोबर २०१८ मधल्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काहींच्या फायली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. पण ते नव्या सोयींचं अपडेट होतं. अशी अपडेट्स काही आठवडे खुशाल थांबवा. दरमहा येणारी सुरक्षा दुरुस्ती मात्र, क्वचित तीही त्रास देत असली तरी, चार-आठ दिवसांपलीकडे लांबवू नये. कोणतंही अपडेट करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर जरूर काढून ठेवा.