गावाचं नाव कुणाचं?

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



स्कॉटलंडच्या पर्थशायर भागात ‘डल’ नावाचं गाव आहे. एक रस्ता, त्याच्या कडेनं घरं, वस्ती शंभराच्या आत. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात ‘बोरिंग’ नावाचं गाव आहे. एक नीरस, दुसरं कंटाळवाणं! डलच्या परिसरातल्या एक बाई सायकलवरून ओरेगॉनमध्ये फिरत असताना त्यांना हे दुसरं गाव दिसलं आणि त्यांच्या मनात सोयरिकीची कल्पना आली. २०१२ साली ती जुळली. बोरिंगची वस्ती काही हजारांची, त्यामुळे सरकारी अर्थानं ‘भगिनी शहरं’ होता येईना. मग दोघांनी स्वतःला नुसती ‘जोडी’ म्हणवून घेतलं. पुढे ऑस्ट्रेलियातला ‘ब्लँड’ हा परगणाही त्यांना येऊन मिळाला. ब्लँड म्हणजे अगदी अळणी. ओरेगॉनच्या विधिमंडळानं तर ९ ऑगस्ट हा ‘बोरिंग आणि डल दिवस’ म्हणून ठरवूनच टाकला.

आता यातलं कोणतं गाव खरोखर कंटाळवाणं आहे ते पाहू. डलमध्ये फार जुन्या काळी ख्रिस्ती मठ होता. बोरिंगचं नाव विल्यम बोरिंग यांच्यावरून पडलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं लढून आलेले आणि तिथे शेतकरी म्हणून स्थिरावलेले गृहस्थ. आणि ब्लँड? ही कथा आपल्या दारातून जाते. विल्यम ब्लँड हे इंग्रजी आरमारातले तरुण शल्यवैद्य. १८१३ साली त्यांचं जहाज मुंबईला असताना जहाजावरच्याच एका अधिकाऱ्याशी त्यांची बाचाबाची झाली. प्रकरण पिस्तुलांच्या द्वंद्वावर गेलं आणि तो अधिकारी मारला गेला. मुंबईत खटला चालला, खुनाचा आरोप सिद्ध झाला आणि सात वर्षांच्या हद्दपारीवर ब्लँड ऑस्ट्रेलियाला गेले. तिथे माफी मिळाल्यावर त्यांनी दवाखाना काढला, गोरगरिबांना औषधपाणी केलं, पुढे कायदेमंडळात निवडून आले. ‘अळणी’ परगण्याच्या नावात मुंबईतला पिस्तुलाचा बार दडलेला आहे. म्हणून माझी विनंती आहे की, विचित्र नाव ऐकून हसू आलं तर जरूर हसा, पण ते नाव कुणी ठेवलं आणि आज ते कोण वागवतंय, हेही लगेच विचारा. खरी गंमत तिथे सुरू होते.

वेल्समधल्या अँगलसी बेटावरचं गाव घ्या. लानवाइरपुल्ग्विंगिल्गोगेरिख्विर्न्ड्रोबुल्लानटिसिलिओगोगोगोख. इंग्रजीत लिहिताना ५८ अक्षरं लागतात. मूळ नाव साधं होतं, ‘पांढऱ्या हेझलच्या खळग्यातलं मेरीचं देऊळ’ अशा अर्थाचं. १८४८ मध्ये इथे रेल्वे स्थानक झालं. आगगाड्या येऊ लागल्या, पण उतारूंनी इथे का उतरावं, असा प्रश्न गावाला पडला. मग १८६०च्या दशकात गावातल्या माणसांनी शेजारच्या वाडीचं नाव, जवळचा भोवरा, संत टिसिलिओचं देऊळ, तांबडी गुहा, सगळं एकाला एक जोडलं आणि स्थानकाची पाटी लांबच लांब केली. गाड्या थांबल्या, माणसं उतरली, पुढे फलाटाची तिकिटंदेखील आठवण म्हणून विकत घेऊ लागली. गावकरी स्वतः ‘लानवाइरपुल’ एवढंच म्हणतात, बाकीचं पाहुण्यांसाठी. मला या गावकऱ्यांचं मनापासून कौतुक वाटतं. हाताशी ना किल्ला, ना राजवाडा. होती फक्त भाषा, आणि तिच्या जोरावर त्यांनी गाव जगाच्या नकाशावर नेलं. याच गावात १९१५ साली ब्रिटनमधल्या महिला संस्थांची पहिली शाखा निघाली. पाटीपुढे फोटो काढणाऱ्यांनी तेही विचारावं.

न्यू मेक्सिकोतल्या ‘हॉट स्प्रिंग्ज’ गावाची अडचण वेगळी होती. गरम पाण्याचे झरे आणि हेच नाव असलेली गावं अमेरिकेत पुष्कळ. १९५० मध्ये राल्फ एडवर्ड्स यांच्या ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ या लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमाला दहा वर्षं होत होती. त्यांनी जाहीर केलं, जे गाव कार्यक्रमाचं नाव घेईल तिथून आम्ही प्रक्षेपण करू. हॉट स्प्रिंग्जनं मतदान घेतलं आणि गावाचं नाव झालं ‘खरं बोला, नाहीतर परिणाम भोगा’! पुढे जुनं नाव परत आणण्यासाठी पुन्हा मतं घेतली गेली, तेव्हाही लोकांनी नवंच राखलं. मला महत्त्वाचं वाटतं ते एडवर्ड्स यांचं वागणं. कार्यक्रमाची जाहिरात झाली, काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं दर मे महिन्यात ते गावच्या उत्सवाला येत राहिले. नावाचं नातं त्यांनी निभावलं.

लांबीच्या बाबतीत वेल्सच्या गावाला मागे टाकणारी न्यूझीलंडमध्ये एक टेकडी आहे. उंची जेमतेम ३०५ मीटर, नावाची अक्षरं ८५. सोयीसाठी लोक ‘टाऊमाटा’ म्हणतात. हे नाव कुणाही पर्यटकासाठी रचलेलं नाही. मोठ्या गुडघ्यांचा, डोंगर चढणारा, मुलुख पालथा घालणारा तामाटेआ नावाचा माओरी पूर्वज इथे बसला आणि आपल्या जिवलगासाठी त्यानं बासरी वाजवली, अशी हकिकत त्या एका नावात आहे. लढाईत त्याचा भाऊ पडला होता, असं परंपरा सांगते. पाटीवरची अक्षरं मोजून आपण हसतो, आणि मोजत असतो ते एका भावाचं दुःख.

बँकॉकचं औपचारिक नाव याहूनही लांब, पण आपल्या कानाला ते परकं नाही. महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, शेवटी विश्वकर्मा! थाई उच्चारांत हे शब्द बदलून जातात, पण देवनागरीत लिहिलेले पाहिले तर मराठी माणूस अर्ध्याहून अधिक नाव कुणाच्या मदतीशिवाय लावू शकतो.

दर्यावर्द्यांची नावं निराळ्या तऱ्हेची. १७७०च्या जून महिन्यात कॅप्टन कुक यांचं ‘एंडेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत रात्री प्रवाळाच्या खडकावर आदळलं. जहाज हलकं करायला तोफादेखील समुद्रात टाकल्या, भोकाखालून लोकर आणि काथ्या लावलेलं शीड ओढून पाणी अडवलं. त्या प्रवासातली नावं पाहा: ‘केप ट्रिब्युलेशन’ म्हणजे संकटाचं भूशिर, ‘वीअरी बे’ म्हणजे थकलेला उपसागर, ‘होप’ म्हणजे आशेची बेटं. मला ही नावं फार हलवतात. पण त्याच भूशिराला तिथल्या कुकू यलंजी लोकांचं ‘कुल्की’ हे नाव आधीपासून होतं, आणि त्यांच्यावर त्या रात्री काही संकट आलेलं नव्हतं.

१८९७ मध्ये फ्रँक हॅन पश्चिम ऑस्ट्रेलियात ओढ्यांच्या मागानं गोड्या पाण्याचं तळं शोधत गेले. तळं सापडलं ते खारट. त्यांनी त्याला ‘लेक डिसअपॉइंटमेंट’, म्हणजे निराशेचं तळं, म्हटलं आणि एका माणसाची निराशा शंभराहून अधिक वर्षं मार्टू लोकांच्या तळ्यावर लिहिलेली राहिली. २०२० मध्ये ती पुसून ‘कुम्पुपिंटिल’ हे त्यांचं नाव अधिकृत झालं. गमतीदार नाव गेलं म्हणून हळहळणारे मला भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही.

त्याच वर्षी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ‘ॲस्बेस्टॉस’ नावाच्या गावानंही नाव बदललं. तिथे या खनिजाची प्रचंड खाण होती. १९४९ मध्ये तिथल्या खाणकामगारांनी केलेला संप क्वेबेकच्या इतिहासात मोलाचा मानला जातो. गावचे लोक फ्रेंच बोलतात आणि फ्रेंचमध्ये या खनिजाला वेगळाच शब्द आहे. त्यामुळे घरात त्यांना हे नाव कधी खटकलं नाही. बाहेरचा माणूस मात्र ऐकताच दचके, कारण या धुळीनं कर्करोग होतो हे जगाला कळलेलं होतं. कारखानदार यायला तयार होईनात. मतदान झालं, त्यात चौदा वर्षांपासूनच्या मुलामुलींनाही हक्क दिला, आणि ‘व्हाल-दे-सुर्स’, झऱ्यांचं खोरं, हे नाव निवडलं गेलं. इथून पाहताना मला जुनंच नाव हवंहवंसं वाटतं, कारण त्यात त्या संपकऱ्यांची आठवण आहे. पण परगावी नोकरी मागायला त्या मुलामुलींना जायचं होतं. आपण कुठून आलो हे तिथे त्यांनाच सांगावं लागणार होतं, आणि म्हणून त्यांना मत दिलं गेलं हे मला पटतं.