सुप्याच्या उन्हात मधुमालती

सुप्यात आमच्या खोलीची पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात तव्यासारखी तापते, आणि आई तिथेच शिवणाला बसते. गेल्या मे महिन्यात मी घाईघाईने जाईचं रोप लावलं. टँकर चुकला, रोप वाळलं. यंदा चांगला पाऊस पडल्यावरच मधुमालती लावली. मूळ धरलं की ती कमी पाण्यावर तगते. भिंतीपासून फूटभर अंतरावर दीड फूट खोल खड्डा, त्यात शेणखत, वर पाचट. जाळी लोखंडी, कारण वेल जड होते. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी, शेवटी लाल! दोनेक महिन्यांत फुलं हवीत? गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून पेरा. आमची वेल आत्ता कुठे खिडकीपर्यंत पोचलीय. पण आई तांदूळ धुतलेलं पाणी रोज तिलाच घालते.