ओकीचोबीवरचा गाइड

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातलं ओकीचोबी सरोवर सुमारे 1,900 चौरस किलोमीटर पसरलेलं आहे, पण त्याची सरासरी खोली जेमतेम पावणेतीन मीटर. लार्जमाउथ बास हा मासा गळाला लागावा म्हणून इथे येणारे हौशी लोक बोटीसकट गाइड ठरवतात, आणि पहिल्या खेपेला तरी तो खर्च रास्तच म्हणावा लागेल. इतक्या उथळ पाण्यात मासा कुठल्या डोहात सापडत नाही. तो लव्हाळ्यांच्या, पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरून बसतो, आणि वारा फिरला किंवा पाण्याची पातळी बदलली की जागा सोडतो. विणीच्या हंगामात, हिवाळा सरता सरता, नर उथळ तळावर घरटं करून अंडी राखतो. कालची जागा आज ओस का पडली, हे रोज पाण्यावर असणाऱ्यालाच उमगतं.

कुणी म्हणेल, सोनार यंत्र असताना माणूस कशाला? यंत्र पाण्याखाली काय आहे ते दाखवतं. आमिष कोणतं आणि किती सावकाश ओढायचं, ते सांगत नाही. दाट गवतात तर त्याच्या पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. आयत्या जागी मासा पकडण्यात कसली मजा, हा आक्षेप मात्र अर्धा खरा. अर्धाच, कारण गळ झटकायची वेळ चुकली तर गाइडही काही करू शकत नाही. बरोबर गाइड असला तरी इथे बाहेरून आलेल्या 16 वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक पाहुण्याला गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा स्वतःचा परवाना घ्यावा लागतो.