ज्याचे वकीलपत्र, त्याचीच बाजू
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



कायद्यासारखा रुक्ष विषय आपण आनंदाच्या दिवशी ऐकायला तयार झालात, याबद्दल प्रथम आपले आभार मानते. मागे मी येथे आले होते तेव्हा चहाच्या वेळी एका भगिनीने मला विचारले होते, "अहो, ज्याला साऱ्या जगाने हातात बंदूक घेतलेला पाहिला, त्या कसाबला सरकारी खर्चाने वकील कशाला दिला?" घाईत मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देते.

२६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र आपण कोणी विसरलेलो नाही. आपल्यापासून जवळच, विलेपार्ल्याला, हमरस्त्यावर टॅक्सीत स्फोट झाला होता. शहरात १६६ माणसे गेली. लोकांचा संताप इतका की मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतील वकिलांच्या संघटनेने या आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही, असा ठराव केला. पुढे ३० मार्च २००९ रोजी न्यायाधीश ताहिलियानी यांनी अंजली वाघमारे यांना त्याच्या वकील नेमले, तर त्याच रात्री त्यांच्या वरळीच्या घरावर जमाव गेला आणि दगड पडले. तरीही त्या काम करायला तयार झाल्या.

पण खटल्याच्या पहिल्याच दिवशी, १५ एप्रिलला, न्यायाधीशांनी त्यांची नेमणूक रद्द केली. कारण काय? त्याच हल्ल्यातील एका पीडिताच्या नुकसानभरपाईचे वकीलपत्रही त्यांच्याकडे होते, आणि तो या खटल्यात साक्षीदार होता. ज्याची उलटतपासणी घ्यायची, तोच आपला पक्षकार! मग प्रश्न कोणाच्या हिताचा विचारायचा? एवढा गाजलेला खटला, सारे जग पाहत असलेले. तरी न्यायाधीशांनी तो तसाच पुढे रेटला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी अब्बास काझमी यांना नेमले. त्यांनाही नोव्हेंबरअखेर दूर केले गेले आणि के. पी. पवार यांनी काम पुढे चालवले.

आता आपण म्हणाल, एवढे करून शेवटी झाले काय? कसाबला फाशीच झाली ना? होय. ६ मे २०१० रोजी शिक्षा सुनावली गेली, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला येरवड्याला ती अमलात आली. परंतु त्या पिंजऱ्यात तो एकटा नव्हता. त्याच्यासह आणखी दोन आरोपी उभे होते आणि ते आपल्याच देशाचे होते. त्यांतील फहीम अन्सारीने हल्लेखोरांसाठी नकाशे काढले, असा आरोप होता. त्याचे वकील शाहिद आझमी. मेलेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडला म्हणतात तो नकाशा, कपडे रक्ताने भरलेले असताना, कोराकरकरीत कसा राहिला, हे त्यांनी दाखवून दिले. निकाल ऐकायला मात्र ते उरले नाहीत. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्याला, त्यांच्याच कचेरीत, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आपल्या मरोळ नाक्यावरून जाणारा रस्ता ज्या कुर्ल्याला पोचतो, तेच हे कुर्ले. पुढे ३ मे रोजी हे दोघेही निर्दोष सुटले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो निकाल टिकला.

भगिनींनो, माझे उत्तर हेच. तिघे एकाच पिंजऱ्यात होते. रस्त्यावरच्या संतापाला त्यांतला दोषी कोण नि निर्दोष कोण हे कळले नसते. ते कळायला प्रत्येकाच्या बाजूने बोलणारा, आणि केवळ त्याच्याच बाजूने बोलणारा माणूस लागतो. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता यावा, हे आपल्या घटनेच्या २२ व्या अनुच्छेदात लिहिले आहे. वकीलपत्र न घेण्याचे असे ठराव घटनाबाह्य आहेत, असे डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

हे सारे मोठ्या खटल्यांपुरतेच आहे असे समजू नका. माझ्या पाहण्यातली गोष्ट सांगते. नळावरच्या भांडणातून मारामारी झाली आणि दोघा भावांवर खटला झाला. थोरल्याने फी भरली. वकील दोघांचा मिळून एकच. धाकटा त्या वेळी कामावर होता, हजेरीचा कागदही होता. पण तो पुढे केला, तर मारल्याचा सगळा ठपका एकट्या थोरल्यावर आला असता. म्हणून कागद ट्रंकेतच राहिला. वकील लबाड नव्हता. त्याचे दोन डगरींवर पाय होते, इतकेच. अखेर धाकट्याच्या बायकोने वेगळा वकील केला, कागद न्यायालयापुढे आला आणि तो सुटला. मधली दोन वर्षे मात्र परत आली नाहीत.

म्हणून घरात असा प्रसंग आलाच, तर आधी विचारा, 'हे वकीलसाहेब नेमके कोणाचे?' फी कोण भरतो याला महत्त्व नाही. आणि पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तो आपल्या पसंतीचा असेलच असे नाही. पण तो आपलाच असला पाहिजे, एवढे मागायचा आपला हक्क आहे.

त्या दिवशी विचारणाऱ्या भगिनी आज येथे असतील, तर त्यांचे समाधान झाले असेल अशी आशा करते आणि आपली रजा घेते.